पुढे काय झाले?

आकड्यांचे भाषांतर करावे लागत नाही, असा एक गोड समज आमच्या व्यवसायाबाहेरील मंडळींत आढळतो. तीस टक्के हे सर्व भाषांत तीसच टक्के. मग अहवाल मराठीत आणण्यास कष्ट ते कसले? वस्तुतः कष्ट असतात ते आकड्याच्या डाव्या बाजूस, रकान्याच्या मथळ्यात. आकडा कोणाचा आहे, त्या माणसांना आपण कोणत्या नावाने हाक मारणार, हे ठरविताना भाषांतरकाराची खरी परीक्षा होते. अमेरिकेतील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसंबंधीच्या एका सरकारी पाहणीचा सारांश मराठीत करण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा याचा मला चांगलाच प्रत्यय आला.

ही पाहणी त्या देशाच्या शिक्षण खात्याच्या सांख्यिकी केंद्राने हाती घेतली. शाळा संपवून जे आयुष्यात प्रथमच महाविद्यालयाची पायरी चढतात, अशा विद्यार्थ्यांचा एक मोठा नमुना निवडावयाचा. पहिल्या वर्षाच्या अखेरीस त्यांना प्रश्न विचारावयाचे. तीन वर्षांनी त्याच विद्यार्थ्यांना शोधून काढून पुन्हा विचारावयाचे, आणि सुमारे सहा वर्षांनी आणखी एकदा. १९८९-९० मध्ये प्रवेश घेतलेल्यांपासून या कामास आरंभ झाला. त्यानंतर १९९५-९६, २००३-०४, २०११-१२ आणि २०१९-२० या वर्षी प्रवेश घेतलेल्यांचे समूह निवडण्यात आले. शेवटच्या समूहाचे पहिले वर्ष संपण्यापूर्वीच महासाथ आली. त्या विद्यार्थ्यांचे पुढे काय झाले, हे विचारण्यास २०२२ मध्ये पाहणी करणारे त्यांच्याकडे पुन्हा गेले.

अशा पाहणीस शास्त्रीय परिभाषेत ‘अनुदैर्ध्य सर्वेक्षण’ असे नाव आहे. शब्द निर्दोष आहे. पण तो उच्चारताना जीभ अडखळते आणि अर्थ तर मुळीच हाती लागत नाही. आमच्या हिंदी विभागातील सहकाऱ्यांनी तोच शब्द ठेवला. मी मात्र ‘मागोवा’ हा आपला जुना, घरगुती शब्द पत्करला. पावलांच्या खुणा पाहत एखाद्याच्या मागे जाणे, हा त्याचा अर्थ येथे तंतोतंत लागू पडतो.

मागोवा घेण्याची ही कल्पना तेथे त्याहूनही जुनी आहे. १९७२ साली शाळेचे शेवटचे वर्ष पुरे करणाऱ्या विद्यार्थ्यांचा एक समूह निवडून त्याचा मागोवा १९८६ पर्यंत घेण्यात आला होता. परंतु शाळेपासून सुरुवात केली, की एक मोठा वर्ग हातून निसटतो. शाळेनंतर काही वर्षे नोकरी करून, लग्न करून, मुले वाढवून मग महाविद्यालयात येणारे त्या समूहात सापडत नाहीत. म्हणून नव्या पाहणीने शाळेचे दार सोडून महाविद्यालयाचे दार धरले. जो प्रथमच आत येतो तो आपला, मग त्याचे वय अठरा असो वा अडतीस.

आता ‘प्रथमच’ हा शब्द दिसतो तितका सरळ नाही. महाविद्यालयांनी आपल्या याद्यांत ज्यांना नवे विद्यार्थी म्हणून दाखविले, त्यांपैकी कित्येकजण प्रत्यक्ष विचारपूस केल्यावर नवे नसल्याचे आढळले. कोणी पूर्वी दुसरीकडे काही महिने शिकून गेलेला, तर कोणी मध्ये खंड पडून परतलेला. संस्थेच्या दृष्टीने तो नवा. स्वतःच्या आयुष्यात मात्र जुना. संस्थेची नोंदवही आणि माणसाचे आयुष्य यांतील हे अंतर माझ्या मनात घर करून राहिले.

त्या अंतराचे मोलही आकड्यांतून दिसते. अमेरिकेत १९९० च्या एका कायद्याप्रमाणे महाविद्यालयांना आपले किती विद्यार्थी पदवीपर्यंत पोहोचले, हे जाहीर करावे लागते. त्या हिशेबात प्रथमच आणि पूर्णवेळ प्रवेश घेतलेले विद्यार्थी धरले जातात, व त्याच संस्थेत शिक्षण पुरे करणारेच यशस्वी ठरतात. दुसऱ्या गावी जाऊन कोणी पदवी मिळविली, तर पहिल्या महाविद्यालयाच्या खाती ती जमा होत नाही. मागोवा घेणाऱ्या पाहणीत हेच चित्र निराळे दिसते. २००३-०४ च्या समूहातील सुमारे १६,७०० विद्यार्थ्यांच्या माहितीवरून असे आढळले, की सहा वर्षांत सुमारे निम्म्यांनी एखादी पदवी किंवा प्रमाणपत्र मिळविले. सुमारे १५ टक्के अद्याप शिकत होते. आणि एक तृतीयांशाहून थोडे अधिक विद्यार्थी काही न मिळविता बाहेर पडलेले होते. त्याचबरोबर, समूहातील सुमारे एक तृतीयांश विद्यार्थी या काळात एकदा तरी एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत गेले होते, अथवा एकाच वेळी दोन ठिकाणी शिकत होते.

बाहेर पडलेल्यांनाही या पाहणीने सोडले नाही, ही गोष्ट मला सर्वांत विशेष वाटली. तुम्ही शिक्षण का थांबविले, पैशाची अडचण होती की घरची, सध्या काय काम करता, शिक्षणासाठी काढलेले कर्ज किती उरले आहे, असे प्रश्न त्यांना आवर्जून विचारण्यात आले. पत्ता बदलला तरी शोध लागावा, म्हणून पहिल्याच भेटीत आईवडिलांचा अगर आप्तांचा ठावठिकाणा लिहून घेण्याची व्यवस्था होती.

या बाहेर पडलेल्यांना मराठीत काय म्हणावे? आपल्याकडे रूढ शब्द आहे ‘गळती’. छपराला गळती लागते, माठाला लागते. गळालेले पाणी जमिनीत मुरते. ते परत माठात येत नाही, आणि ‘का गेलास?’ असे त्याला कोणी विचारतही नाही. हा शब्द लिहिताना माझी लेखणी थबकली, कारण मला माझी धाकटी बहीण आठवली.

बारावीनंतर तिने आमच्या तालुक्याच्या गावी विज्ञान शाखेत प्रवेश घेतला होता. दुसऱ्या वर्षी वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. मी नोकरीनिमित्त दिल्लीस. आईला एकटीने ते ओझे पेलणे शक्य नव्हते. बहिणीने महाविद्यालय सोडले. शुल्क भरले गेले नाही, तेव्हा यथाकाल पटावरून तिचे नाव कमी झाले. महाविद्यालयाकडून चौकशीचे एक पत्रही आले नाही. पुढे तिचे लग्न झाले, मुलगी झाली. मुलगी बालवाडीत जाऊ लागली त्या वर्षी तिने नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठात बी.ए.साठी नाव घातले. दुपारची भांडी आवरल्यावर ओट्यावरच वही उघडून ती अभ्यास करी. तिच्या पदवीची बातमी आईने मला दूरध्वनीवरून सांगितली, तेव्हा वडील ती ऐकावयास नव्हते.

आता हिशेब पाहा. पहिल्या महाविद्यालयाच्या वहीत ती एक गळालेली विद्यार्थिनी आहे. मुक्त विद्यापीठाच्या वहीत ती एक नवी विद्यार्थिनी आहे. दोन्ही नोंदी खऱ्या आहेत. पण त्या दोन मुली नसून ती एकच मुलगी आहे, आणि मधली आठ वर्षे हा तिच्या शिक्षणाच्या कथेचाच भाग आहे, हे कोणत्याही कोष्टकात दिसत नाही. मी सारांशात ‘गळती’ न लिहिता ‘शिक्षण थांबलेले’ असे लिहिले. थांबलेला माणूस पुन्हा चालू लागतो.

आपल्या देशातील मोजणीचे कार्य लहान नाही. २०१०-११ या वर्षापासून केंद्र सरकारतर्फे उच्च शिक्षणाचे अखिल भारतीय सर्वेक्षण होऊ लागले. २०२१-२२ च्या सर्वेक्षणात उच्च शिक्षण घेणाऱ्यांची संख्या ४.३३ कोटी भरली, त्यांपैकी २.०७ कोटी विद्यार्थिनी होत्या. पिढ्यान्‌पिढ्या ज्या घरांतून कोणी महाविद्यालय पाहिले नाही, त्या घरांतील कितीतरी मुले या संख्येत आहेत. परंतु ही माहिती संस्था भरून देतात, आणि ती त्या त्या वर्षाची असते. ती एक छायाचित्र आहे. देवळाच्या पायऱ्यांवर किती यात्रेकरू उभे आहेत, हे त्यात दिसते. कोण वर पोहोचला, कोण मध्येच बसला, कोणाला घरून निरोप आला म्हणून परतावे लागले, हे कळावयास एकेकाबरोबर चालावे लागते.

हे चालणे सोपे नाही, खर्चिक आहे, आणि त्याला सातत्य लागते. समूह एकदा निवडला, की सहा वर्षे तरी तो सोडून चालत नाही. अमेरिकेतही याची शाश्वती राहिली नाही. २०२५ च्या मार्च महिन्यात तेथील शिक्षण खात्यात मोठी कर्मचारीकपात झाली आणि त्या सांख्यिकी केंद्रात अगदी मोजकी माणसे उरली. अनेक दशकांच्या परिश्रमाने लागलेली सवयही एका फटक्यात सुटू शकते, हे त्यावरून लक्षात यावे.

आपल्याकडे मात्र असा मागोवा घेण्याची गरज वाढत आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने एक वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची व पुढे परतण्याची वाट मोकळी ठेवली आहे. विद्यार्थ्याला आयुष्यभर पुरेल असा एकच ओळखक्रमांक देण्याचे काम २०२३ पासून सुरू झाले. क्रमांकामुळे विद्यार्थी कोठे गेला हे कळू शकेल. तो का थांबला, हे मात्र त्याला विचारल्यावाचून कळणार नाही. थांबण्याचे कारण शंभर मुलींच्या बाबतीत घरातील आजारपण असेल, तर उपाय शिष्यवृत्तीचा नव्हे, सवलतीच्या रजेचा करावा लागेल. बसभाडे असेल, तर उपाय आणखी निराळा. कारण कळले नाही, तर केलेला खर्च भलत्याच ठिकाणी पडतो.

मोठी पाहणी सरकारने करावी; परंतु तिची छोटी प्रतिकृती प्रत्येक महाविद्यालयास करता येण्याजोगी आहे. पटावरून नाव कमी करण्यापूर्वी घरी एक पत्र धाडावे, आणि वर्षभराने आणखी एक. पत्राला फार तर एक पोस्टकार्ड लागते. आपल्या नात्यागोत्यातही शिक्षण थांबलेली एखादी पुतणी, एखादा भाचा असतोच. त्याच्यासमोर तो विषय टाळण्यात आपण सौजन्य मानतो. माझ्या बहिणीला तिच्या सासूबाईंनी एके दिवशी सहज विचारले, ‘तुझे ते कॉलेज अर्धेच राहिले ना गं? पुढे काय करायचे ठरवलेस?’ मुक्त विद्यापीठाचा अर्ज त्यानंतरच्या आठवड्यात घरी आला.