जुन्या माउसची ओळख करून द्या!

मैत्रिणींनो, मिक्सर बंद पडला की आपण काय करतो? आधी प्लग पाहतो, मग वायर, मग बटण. लगेच भंगारवाल्याला हाक मारत नाही. पण कॉम्प्युटरची गोष्ट निघाली, की हेच शहाणपण आपण स्वयंपाकघरात ठेवून येतो आणि ‘ते काही आपल्याला कळत नाही बाई’ म्हणून मोकळ्या होतो!

आमच्याकडचा कॉम्प्युटर चांगला जुना आहे. त्यातल्या विंडोज १० ला कंपनीकडून मिळणारी नेहमीची मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आणि विंडोज ११ काही त्याच्या अंगी लागेना. हे म्हणाले, “आता त्याच्यावर एक पैसाही घालायचा नाही. देऊन टाकू.” मी शाळेत अर्धवेळ शिकवते. प्रत्येक चाचणीच्या प्रश्नपत्रिका बाहेरून टाइप करून आणायच्या, तर माझ्या मानधनाला तिथेच कात्री. तेव्हा ठरवलं, यावर लिनक्स घालायचं. फिनलंडमधल्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केलेली ही प्रणाली फुकट मिळते आणि जुन्या यंत्रावरही बरी चालते. तिचा डेबियन नावाचा प्रकार मी निवडला.

अडलं ते माउसपाशी. नेहमीचा माउस मुलांनी केव्हाच मोडला होता. हाताशी होता तो सासऱ्यांच्या हिशेबाच्या कॉम्प्युटरचा, पोटात गोळी असलेला, नऊ भोकांच्या प्लगचा. याला सिरियल माउस म्हणतात. तुम्ही म्हणाल, अहो, नवा माउस काही शे रुपयांत मिळतो! मिळतो ना. पण ‘एक पैसाही नाही’ हा शब्द आता मीही मनावर घेतला होता.

पहिलं काम आपल्या सवयीचं – साफसफाई. माउस उलटा करून खालची चकती फिरवली की गोळी हातात येते. ती साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करा. आत छोटे रूळ असतात, त्यांवर धुळीचा काळा थर बसतो. तो दात कोरायच्या काडीने हलकेच खरवडा. आमच्या माउसमधून निघालेला मळ पाहून तर सासूबाईंनी कपाळाला हात लावला!

दुसरं, प्लग लावायचा तो कॉम्प्युटर पूर्ण बंद करूनच. गोल प्लगचा, सहा पिनांचा माउस असेल तर हा नियम कटाक्षाने पाळा. असा माउस बहुतेक वेळा लिनक्स आपणहून ओळखतं. गोल भोकांपैकी हिरवं माउसचं आणि जांभळं कीबोर्डचं, एवढं लक्षात ठेवा.

तिसरं, माउस चालत नाही म्हणून लिनक्स घालायचं काम थांबत नाही, बरं का! डेबियनमध्ये साध्या अक्षरांच्या पडद्यावरून सगळं करता येतं. टॅब, बाणांच्या कळा, स्पेस आणि एंटर, एवढ्यावर भागतं. मात्र त्याआधी घरातले फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे उतरवून ठेवा, कारण संपूर्ण डिस्क लिनक्सला दिली की जुनं सारं पुसलं जातं.

एवढं करूनही आमच्या पडद्यावरचा बाण जागचा हलेना. हे म्हणाले, “मी सांगत नव्हतो?” पण माउस बिघडला नव्हता. आजचे यूएसबी माउस मोठे बोलके; जोडताक्षणी ‘मी अमुक’ असं कॉम्प्युटरला सांगतात. सिरियल माउसची ओळख लिनक्सला आपण करून द्यावी लागते. त्यासाठी ‘इनपुटअटॅच’ नावाचा छोटा प्रोग्राम डेबियनच्या भांडारातून फुकट मिळतो. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकदम दाबलं की अक्षरांची काळी पाटी उघडते. तिथे मुख्य परवलीच्या शब्दाने शिरून दोनच गोष्टी सांगायच्या: माउस कोणत्या जातीचा आणि कोणत्या दाराशी उभा आहे. साध्या दोन बटणांच्या माउसची जात ‘मायक्रोसॉफ्ट’, मग तो कोणत्याही कंपनीचा का असेना. पहिल्या दाराचं नाव ‘टीटीवायएस०’, कारण लिनक्स शून्यापासून मोजतं. तरीही हलला नाही, तर कॉम्प्युटर सुरू होतानाच्या बायोस या पानावर सिरियल पोर्ट बंद तर नाही ना, ते पाहायचं. आमचं तिथेच बंद होतं! ते चालू केलं, पुन्हा आदेश दिला आणि बाण तुरुतुरु धावला. आता कॉम्प्युटर सुरू होताना हा आदेश आपोआप चालेल, अशी सोय करून ठेवली आहे.

मैत्रिणींनो, बी.ए. होऊन कैक वर्षं घरात काढल्यावर मी शाळेत गेले, तेव्हा मलाही ‘आता काय जमणार?’ असं विचारणारे होतेच. जमत नव्हतं असं नाही, कोणी ‘ही शिकवू शकते’ एवढं सांगायची खोटी होती. एका बाईंनी ते सांगितलं आणि माझं काम सुरू झालं. म्हणून म्हणते, एखादी वस्तू चालत नाही म्हणजे ती निकामीच झाली, असं धरून चालू नका. धूळ पुसा, दार उघडं आहे का पाहा, ओळख करून द्या. एवढं करूनही ती उठली नाही, तर ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या, ओल्या-सुक्यात टाकू नका.

सहामाहीच्या प्रश्नपत्रिका यंदा घरीच टाइप झाल्या. आणि हो, महिन्याचा हिशेब मांडायला हल्ली ‘हे’ही त्याच कॉम्प्युटरवर बसतात, माउस मात्र मला विचारून घेतात!