चौथी जागा

मुंबईत नव्याने आलेल्या माणसाला हे शहर निर्दय वाटते. मलाही तसेच वाटले होते. दोन महिने लोटले तरी शेजाऱ्यांनी माझे नावदेखील विचारले नव्हते, आणि गावी परत जाण्याचा माझा बेत जवळजवळ ठरला होता.

अशा मनःस्थितीत एका संध्याकाळी मी कल्याणच्या लोकलमध्ये कसाबसा शिरलो. बाक तिघांचा, आणि तिघेही बसलेले. माझा चेहरा पाहून कडेच्या वृद्ध गृहस्थांनी मांडीवरची पिशवी सावरली. तिघे किंचित सरकले आणि वीतभर फळी मोकळी झाली. "टेका जरा," ते म्हणाले.

त्या चौथ्या जागेवर धड बसता येत नाही. अर्धे अंग वाटेतच राहते. पण ती देण्याचा रिवाज कोठे लिहिलेला नसूनही सारे पाळतात. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी धावली. तेव्हापासून किती परके असे सरकून सामावले गेले असतील!

ठाण्यास ते गृहस्थ उतरले. त्यांचे नाव विचारावयाचे मीही विसरलो होतो.

त्या रात्री वडिलांना पत्र लिहिले. परत येण्याचा मजकूर त्यात घातला नाही.