घड्याळ भिंतीवर आहे, मग बांधायचे काय?

वरवट बकालमध्ये संगणकाचे काम म्हटले की लोकांना पीकविमा, आधार आणि झेरॉक्स आठवते. आम्ही दोघे भाऊ मात्र रात्री घरात बसून तारीख-वेळेचा हिशोब करणारी एक लायब्ररी डेबियन या मोफत प्रणालीसाठी पॅकेज करीत आहोत. लायब्ररी म्हणजे इतर प्रोग्रामांनी वापरायचा तयार कोड. यात पैसा नाही. अम्मी म्हणते, "घड्याळ भिंतीवर आहे, मग बांधायचे काय?"

प्रश्न रास्त आहे. पण १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ आली तरी मुंबई ३९ मिनिटे मागची स्वतःची वेळ १९५५ पर्यंत पाळत होती. महायुद्धात तर देशाची घड्याळे तासभर पुढे होती. जगभरच्या अशा फेरफारांची टीझेड डेटाबेस नावाची खुली नोंदवही आहे. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी ती सुरू केली, पुढे पॉल एगर्ट यांनी सांभाळली.

पुष्कळ लायब्रऱ्या या नोंदवहीची नक्कल पोटात घेऊन येतात. पॅकेज करताना आम्ही ती नक्कल बंद करतो आणि लायब्ररीला प्रणालीतल्या एकाच प्रतीकडे वळवतो. याचे कारण २०२३ च्या रमजानमध्ये दिसले. लेबनॉन सरकारने उन्हाळी वेळ रमजान संपेपर्यंत पुढे ढकलली, तीही अगदी ऐनवेळी. काहींनी ते मानले नाही, देशात दोन वेळा चालल्या आणि सरकारने निर्णय फिरवला. आठवड्याच्या आत नोंदवहीच्या दोन आवृत्त्या निघाल्या. जिथे प्रत एकच होती तिथे एका अपडेटने काम भागले. पोटातल्या नकला तशाच राहिल्या. मोरोक्कोत तर २०१८ पासून वर्षभर घड्याळ तासभर पुढे असते आणि फक्त रमजानात मागे येते, म्हणून नोंदवहीत पुढच्या कित्येक रमजानांचे अंदाज आधीच लिहिलेले आहेत.

आपल्याकडे असा बदल नाही, पण वेगळा धोका आहे. आपल्या वेळेचे नाव नोंदवहीत 'एशिया/कोलकाता' आहे. हे वेळेचे नाव आहे, जागेचे नव्हे. आपल्या गावात सूर्य डोक्यावर येतो सरासरी बारा वाजून २३ मिनिटांनी. कोलकात्यात तो आपल्यापेक्षा सुमारे पाऊण तास आधी मावळतो. नाव पाहून कुणी तिथली मगरिब धरली, तर वरवटचा रोजा उजेडातच सुटायचा! म्हणून आम्ही मदतपानात हे ठळक लिहिले.

हिजरी तारखेवर मात्र आमच्यात दोन दिवस वाद चालला. लायब्ररी सौदीच्या उम्मुल-कुरा गणिताने चालते, आपली ईद चांदच्या गवाहीवर ठरते. धाकट्याचे म्हणणे, कोड दुसऱ्याचा, आपण फक्त बांधावे. थोरल्याचे म्हणणे, ज्याच्या हातून माल जातो त्याने त्यात काय आहे ते सांगावे. शेवटी वर्णनात ओळ घातली: ही तारीख गणिताची आहे, स्थानिक चांदप्रमाणे एक दिवसाचा फरक पडू शकतो.

पॅकेज आता तपासणीला आहे. तपासणाऱ्याने विचारले आहे की स्थानिक चांद म्हणजे नेमके काय. त्याचे उत्तर आज इशानंतर लिहायचे आहे.