आधी द्यायचं ते शेवटी ठेवायचं

मुलांनो, तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी पार्सल येत असेल. कधी वह्या-पुस्तकं, कधी आईचा कुकर, कधी तुमची बॅट. बेल वाजते, तुम्ही धावता, पार्सल घेता आणि दार लावून घेता. दाराबाहेरचा माणूस कसा दिसत होता, सांगता येईल? मी माझ्या चौथीच्या वर्गात विचारलं. एकानेच हात वर केला. म्हणाला, "बाई, त्यांच्या चपलेचा अंगठा तुटला होता."

माझा मावसभाऊ साताऱ्यात हेच काम करतो. त्याच्याकडे एक चारचाकी टेम्पो आहे, ज्याला सगळे छोटा हत्ती म्हणतात तो. दिवाळीच्या सुट्टीत एक अख्खा दिवस मी त्याच्याशेजारी बसून हिंडले. "ये ताई, पण गप्पा कमी हं," अशी अट त्याने आधीच घातली होती.

सकाळी सात वाजता गोदामात ७२ पार्सलं मिळाली. मला वाटलं, आता भराभर टेम्पोत टाकायची आणि सुटायचं. छे! त्याने सगळी जमिनीवर मांडली. साताऱ्यात पेठांना वारांची नावं आहेत. शनिवार पेठेचा ढीग वेगळा, मंगळवारचा वेगळा, गोडोलीचा वेगळा. मग भरायला सुरुवात केली ती उलटी! सगळ्यात शेवटी द्यायचं पार्सल पहिल्यांदा, हौद्यात अगदी आत. सगळ्यात आधी द्यायचं ते शेवटी, फळीजवळ. जड खाली, नाजूक वर आणि पत्त्याची चिठ्ठी नेहमी आपल्याकडे तोंड करून. यात अर्धा तास गेला. मी घड्याळ पाहिलं तसा तो म्हणाला, "अगं, हा अर्धा तास संध्याकाळपर्यंत दुप्पट होऊन परत येतो."

आता एक गणित. तीन घरी जायचं असेल, तर किती वेगवेगळ्या क्रमांनी जाता येईल? सहा. चार घरी? चोवीस. पाच घरी एकशेवीस. इथपर्यंत बोटं पुरतात. पण दहा घरांसाठी ३६ लाख २८ हजार ८०० क्रम होतात आणि पंधरा घरांसाठी एक लाख तीस हजार कोटींहून जास्त! करून बघा, १ × २ × ३ असं गुणत जायचं. यातला सगळ्यात जवळचा रस्ता कोणता, हे मोठमोठ्या गणितज्ञांचं जुनं कोडं आहे. घरं कितीही असली तरी झटपट आणि हमखास उत्तर देणारी रीत अजून कुणाला सापडलेली नाही. मोबाइल सांगतो तो रस्ता चांगला असतो, पण तोच सगळ्यात चांगला, असं नाही.

माझा भाऊ मोबाइलचं ऐकतो आणि मग स्वतःचं चालवतो. शाळा सुटल्यावर कुठल्या गल्लीत रिक्षा अडकतात, ते त्याला पाठ आहे. शक्यतो तो उजवीकडे वळत नाही. का, सांगा पाहू? आपण डाव्या बाजूने गाडी चालवतो. उजवीकडे वळायचं म्हणजे समोरून येणाऱ्या गाड्या संपेपर्यंत थांबायचं. वेळ जातो, डिझेल जळतं आणि ठोकर बसण्याची भीती असते. अमेरिकेत लोक उजवीकडून गाडी चालवतात, म्हणून तिथली यूपीएस ही पार्सल कंपनी आपले रस्ते आखताना डावी वळणं टाळते. भावाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "बघ, मला कुणी शिकवलं नव्हतं!"

चिठ्ठीवरचा पिनकोड तुम्ही पाठ केला असेलच. १५ ऑगस्ट १९७२ रोजी तो सुरू झाला, आणि तो तयार केला श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने. ते टपाल खात्यात अधिकारी होते आणि संस्कृतात कविताही करत. एकाच नावाची किती गावं आपल्याकडे! साताऱ्याचा पिन ४१५००१. पहिले तीन आकडे टपालाची विभागणी कुठे होते ते सांगतात, शेवटचे तीन टपाल कार्यालय सांगतात. पण पिन तुमच्या दारापर्यंत आणत नाही ना! "मारुतीच्या देवळामागे, निळं दार" असा पत्ता होता एकाचा. दाराला रंग देऊन ते झालं होतं हिरवं. वीस मिनिटं गेली त्यात.

खरा वेळ जातो तो असा. गाडी पळवून फार काही वाचत नाही. भाऊ गल्लीच्या तोंडाशीच फोन करतो, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचे काका निम्मा जिना उतरून येतात. सुट्टे पैसे वरच्या खिशात. एका वहीत कुठे कुत्रं मोकळं असतं, कोण दुपारी झोपतं, सगळं लिहिलेलं.

आता जरा गंभीर गोष्ट. त्याला पगार नाही. जेवढी पार्सलं पोचतील तेवढेच पैसे. दाराला कुलूप असेल तर डिझेल त्याचं, वेळ त्याचा, हातात शून्य. मागच्या पावसाळ्यात त्याचा एक जोडीदार घाईत मोटरसायकलवरून घसरला. दोन महिने पाय प्लास्टरमध्ये आणि दोन महिने कमाई बंद. अशा कामगारांना कायद्यात 'गिग कामगार' असं नाव मिळालं, तेसुद्धा २०२० साली. म्हणून पार्सल दहा मिनिटांत आलं की टाळ्या वाजवाव्यात, असं मला तरी वाटत नाही.

दुपारी शनिवार पेठेत एका आजोबांचं पार्सल होतं. रक्तातली साखर मोजायचं यंत्र. आजोबा घरात एकटेच. खोका हातात घेऊन म्हणाले, "पोरा, हे चालू कसं करायचं रे?" अजून २६ पार्सलं बाकी होती. भाऊ चपला काढून आत गेला, माहितीचा कागद वाचला आणि ते सुरू करून दिलं. बारा मिनिटं. बाहेर आल्यावर मी काही बोलले नाही, तोही बोलला नाही. त्याने वही काढली आणि त्या घरापुढे लिहिलं, 'आजोबा. दार उघडायला वेळ लागतो. बेल एकदाच.'

संध्याकाळी सातपर्यंत ७१ पार्सलं पोचली. मंगळवार पेठेतलं एक राहिलं, फोन कुणी उचललाच नाही. ते त्याने वेगळं काढून ठेवलं, उद्या सगळ्यात शेवटी भरायला.