दायमाबादच्या कबरी

दिवाळीच्या सुट्टीत हिवरे बाजार पाहून झाल्यावर दुसऱ्या दिवशी आम्ही घरची सातजण दायमाबादला गेलो. श्रीरामपूर तालुक्यातले, प्रवरेकाठचे हे ओसाड गाव. हिवरे बाजारात चराईबंदी, म्हणून डोंगरावरचे गवत विळ्याने कापून नेतात. इथल्या टेकाडावर मात्र छातीएवढे गवत आणि जिकडे तिकडे वेडी बाभूळ. मुले म्हणाली, "इथे तर काहीच नाही!"

१९७४ साली एका शेतकऱ्याला इथे ब्राँझचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडला. चारांचे मिळून वजन ६० किलोहून जास्त. दायमाबाद म्हटले की सगळे तो रथच सांगतात. आम्ही आलो होतो कबरींसाठी.

पुढे १९७५ ते १९७९ मध्ये एस. ए. साळी यांनी इथे उत्खनन केले. उत्तर हडप्पा काळाच्या थरात कच्च्या विटांनी बांधलेली एक कबर निघाली. त्याहून वरच्या, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या जोर्वे थरात लहान मुलांची दफने होती. मूल गेले की ते दोन मातीच्या कुंभांत ठेवायचे, कुंभांची तोंडे एकमेकांना भिडवायची आणि राहत्या घराच्या जमिनीखालीच पुरायचे.

हे सांगताना आमचा आवाज जरा खाली आला, कारण खाला ऐकत होत्या. त्यांचे पहिले बाळ चाळीस दिवसांचे होऊन गेले. पुढे कबरस्तानात त्या बाजूला नवी भिंत आली आणि ती इवलीशी कबर नेमकी कुठे होती, हे आता कुणालाच सांगता येत नाही. घरात हा विषय आम्ही काढत नाही.

"घरातच पुरायचे?" खालांनी विचारले.

"हो खाला. चूल त्याच घरात, सारवण त्याच जमिनीला. कुंभही उत्तर-दक्षिण ठेवायचे."

"आपल्यासारखंच की, बेटा." मग बऱ्याच वेळाने, "म्हणजे लेकरू आईजवळच राहिलं."

उत्खननाचे खड्डे बुजवतात, ती रीतच आहे. पण इथे कोण निजले होते, हे सांगणारी एक ओळ तरी कुठे असावी! होता तो एक फलक, रंग उडालेला.

मुलांनी काळ्या नक्षीच्या लाल खापऱ्या वेचल्या होत्या. आम्ही त्या जिथल्या तिथे ठेवायला लावल्या. त्यातली एक खालांनी हातात घेतली, पदराने पुसली आणि गवत बाजूला सारून मातीवर ठेवली.

"चला," त्या म्हणाल्या, "असरची वेळ होईल."