राजा तोच, प्रजा नवी

पुस्तकाचा दुसरा भाग ही मोठी नाजूक वस्तू आहे. पहिला भाग लेखकाचा असतो. दुसरा मात्र निम्माशिम्मा वाचकांचा होऊन बसतो. माझ्या एका कादंबरीचा उत्तरार्ध प्रसिद्ध झाला, तेव्हा साताऱ्याकडच्या एका बाईंनी चार पानी पत्र लिहून नायिकेने कोणाचे घर सोडायला नको होते, हे मला सविस्तर कळवले होते. मला राग आला नाही. या बाईंनी माझ्या माणसांना माझ्यापेक्षा जास्त दिवस घरी ठेवून घेतले आहे, एवढेच मनात आले. सध्या मी त्या बाईंच्या जागी आहे. फरक इतकाच, की माझी तक्रार कादंबरीविषयी नसून संगणकावरील एका खेळाविषयी आहे.

हसू नका. चाळिशी उलटलेल्या चित्रकलेच्या मास्तराने रात्री जागून खेळ खेळावा, हे शोभत नाही, असे आमच्या घरातही एक मत आहे. पण ज्यांनी 'सिव्हिलायझेशन' खेळले आहे, ते मला क्षमा करतील. हा खेळ १९९१ साली अमेरिकेतील मेरीलँड राज्यात सिड मायर आणि ब्रूस शेली यांनी रचला. आरंभ होतो इसवी सनापूर्वी ४००० या वर्षी. चहूकडे काळोख, मध्ये नकाशाचा एक तुकडा उजळलेला, आणि त्यावर बिऱ्हाड घेऊन निघालेली तुमची एक टोळी. पाणी पाहून गाव वसवायचे, नांगर धरायचा, मडकी भाजायची, अक्षरे शिकायची; शेजारी निघाला तर त्याच्याशी सोयरीक करायची, नाहीतर भांडण. असे करीत करीत सहा हजार वर्षांनी अल्फा सेंटॉरी ताऱ्याकडे यान सोडायचे! प्रत्येक खेळी लहान, म्हणून 'आणखी एकच खेळी' म्हणता म्हणता पहाट होते. आमच्याकडे पहाट झाल्याचे मला दूधवाल्याकडून कळते.

पहिल्या खेळात भारताच्या शहरांची यादी होती. दिल्ली, मुंबई, मद्रास यांच्या पंगतीला चक्क कोल्हापूर होते. पंजाब आणि बंगाल ही तेथे शहरे होती, हे जाऊ द्या; परक्याच्या घरी आपले नाव थोडे चुकीचे उच्चारले, तरी हाक मारली याचेच अप्रूप वाटते. राजपदी महात्मा गांधी होते, आणि सहाही भागांत ते होते. अहिंसेचे हे पुजारी मागाहून अणुबाँब टाकीत सुटतात आणि ती मूळ खेळातील आकडेमोडीची चूक होती, अशी एक कथा वर्षानुवर्षे सांगितली गेली. तशी चूक कधी नव्हतीच, असे मायर यांनी २०२० साली आपल्या आठवणींच्या पुस्तकात लिहून टाकले. मला तर वाईट वाटले. काही दंतकथांचे खरेपण तपासू नये.

दर चार-सहा वर्षांनी नवा भाग येई. कर्त्यांचा संकेत असा, की एक तृतीयांश जुने ठेवायचे, एक तृतीयांश सुधारायचे आणि एक तृतीयांश अगदी नवे घालायचे. पाचव्या भागात २०१० साली चौकोनी घरांची षट्कोनी घरे झाली, सहाव्यात २०१६ साली शहरे शेतांवर पसरू लागली. आम्ही दर वेळी कुरकुरलो आणि दर वेळी खेळलो. पण फेब्रुवारी २०२५ मध्ये सातवा भाग आला, आणि माझा जीव त्यात काही रमेना.

त्यात इतिहासाची तीन युगे पाडली आहेत. प्राचीन, मग समुद्रपर्यटनांचे शोधयुग, मग अर्वाचीन. एक युग सरले की तुमची प्रजा बदलते. भारताच्या वाट्याला पहिल्या युगात मौर्य, दुसऱ्यात चोळ आणि तिसऱ्यात मुघल. मराठे नाहीत म्हणून मी रुसलो, असे मात्र समजू नका. हाच क्रम पाळावा, अशीही सक्ती नाही. तीन ठिकाणचे घोडे हाती आले, तर कालचे मिसरी लोक आज मंगोल होऊ शकतात. आणि गंमत पुढेच आहे. या सगळ्या उलथापालथीत एक जण अजिबात बदलत नाही, तो म्हणजे पुढारी. पहिल्या युगात तुम्ही बेंजामिन फ्रँकलिनला पसंत केलेत, तर तो नाईलकाठी पिरॅमिड बांधतो, पुढे मंगोलांचा म्होरक्या होतो आणि शेवटपर्यंत आपल्या चष्म्यासह गादीवर असतो. राजा अमर, प्रजा मात्र कपड्यांसारखी बदलायची!

कर्त्यांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. या भागाचे सूत्रधार एड बीच यांच्या मंडळींना आढळले होते, की पुष्कळ लोक डाव पुरा करीतच नाहीत. ते खरे आहे. अर्ध्या पृथ्वीवर आपले राज्य झाले, की उरलेला डाव म्हणजे दप्तरी काम. शिवाय इतिहास थरांनी बनतो, असे ते म्हणतात. लंडनखाली रोमनांचे नगर आहे, हे कोण नाकारील?

थरांविषयी माझे भांडण नाही. आमच्या पैठणातच किती थर आहेत पाहा. सातवाहनांची ती राजधानी. पुढे देवगिरीचे यादव आले. १३४७ मध्ये बहमनी राज्य उभे राहिले, त्यानंतर अहमदनगरची निजामशाही, ती १६३६ साली बुडून मुघल, मग हैदराबादचा निजाम थेट १९४८ पर्यंत. आणि १९६० साली महाराष्ट्र. आता मला सांगा, या सगळ्यात बदलले कोण? गादीवरचा माणूस बदलला. वसुलीच्या कागदावरची मोहोर बदलली. गोदावरीकाठचा कुणबी मात्र एका रात्रीत उठून दुसरा कोणी झाला नाही. त्याची बोली हळूहळू वळली, त्यात फारसी शब्द येऊन बसले, देवळाशेजारी दर्गा आला, विणकराच्या मागावर नवी नक्षी चढली. पण ज्वारीची भाकरी आणि नदीची वाट त्याने सोडली नाही. एकनाथांनी लिहिले ते निजामशाहीच्या काळात, आणि लिहिले मराठीत.

म्हणून मला हवा होता तो सातवा भाग नेमका उलटा होता. पुढारी मरावेत, घराणी बुडावीत, परके येऊन तख्तावर बसावेत. आणि खेळणाऱ्याच्या हाती राहावी ती प्रजा. तिने कर भरावा, चुकवावा, धान्य पेवात दडवावे, स्थलांतर करावे, परत यावे. आजवरच्या साऱ्या भागांत वाढणे हीच एक कला आहे. लहान होऊन टिकून राहणे कोणी शिकवीतच नाही. १६३०–३२ चा दख्खनचा दुष्काळ घ्या, नाहीतर १९७२ चा घ्या. मोठी कला त्या वेळी लागली होती. सातव्या भागात युगान्ती अरिष्टे येतात, राजधानी सोडून बहुतेक नगरांची पुन्हा गावे होतात. कल्पना सुंदर आहे. पण लगेच प्रजेचे नावच पुसतात, मग त्या पडझडीचे दुःख कोणी करायचे?

माझ्यासारखे रडणारे बरेच निघाले असावेत. एकच प्रजा शेवटपर्यंत ठेवता यावी, यासाठी प्रयोग चालू असल्याचे कर्त्यांनी २०२५ च्या अखेरीस जाहीर केले. प्रजा परत मिळाली तर आनंदच आहे. पण राजा मरायला तयार होईल, असे काही मला दिसत नाही.

साताऱ्याच्या बाईंना मी तेव्हा उत्तर धाडले होते, की तुमचा उत्तरार्ध तुम्हीच लिहा. तोच सल्ला आमच्या चिरंजीवांनी मला दिला. "बाबा, तुम्ही स्वतःच का नाही काढत?" त्याचे वय पंधरा, आणि सातवा भाग त्याला फार आवडतो. मग परीक्षेच्या जुन्या वेळापत्रकांच्या पाठीवर आम्ही दोघांनी नदी काढली, काठाला एक गाव काढले आणि राज्यांच्या अठरा चिठ्ठ्या करून डब्यात टाकल्या. दर काही खेळ्यांनी एक चिठ्ठी निघते. राजा बदलतो, सारा बदलतो.

"पण यात जिंकायचे कसे?" त्याने विचारले.

"अठरावी चिठ्ठी निघाली तरी गाव जागेवर असले, म्हणजे झाले."

"हे जिंकणे नाही, बाबा. ही नुसती हार टाळणे आहे."

यावर आमचे अजून एकमत झालेले नाही. त्याचे म्हणणे, दुष्काळात बियाणे खाल्ले की डाव संपला. माझे म्हणणे, शेजारच्या गावाहून दिढीने धान्य उसने आणता आले पाहिजे. परवा रात्री हा वाद ऐन रंगात असताना ही स्वयंपाकघरातून आली, कागदावर वाकून तिने सगळे नीट पाहिले आणि म्हणाली, "अहो, पण यात विहीर कुठे आहे?"

तेव्हा तूर्त आम्ही विहिरीसाठी जागा शोधत आहोत. ती देवळाजवळ नको, असे तिचे म्हणणे आहे. तेथे सगळ्यांना पाणी भरता येत नाही.