पिंजऱ्यापुढची कुजबुज

तोतरं बोलणारी बहुतेक माणसं एकटी असली की नीट बोलतात. गाताना सहसा अडखळत नाहीत, कुत्र्या-मांजरांशी बोलतानाही नाही. हे मला पुस्तकात वाचावं लागलं नाही, कारण मी स्वतः तोतरा आहे. लहानपणी आजी मधात वेखंड उगाळून माझ्या जिभेला लावायची. पण दोष जिभेचा नव्हताच. गॅलरीतल्या कबुतरांशी मी घडाघडा बोलायचो.

म्हणून ॲलन राबिनोविट्झची गोष्ट मला जवळची वाटते. १९५३ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मलेला हा मुलगा इतका अडखळायचा, की शाळेने त्याला वेगळ्या वर्गात बसवलं. घरी आला की तो कपाटात शिरून आपल्या पाळीव प्राण्यांशी बोलायचा. वडील ब्रॉंक्सच्या प्राणिसंग्रहालयात न्यायचे, तेव्हा एका जॅग्वारच्या पिंजऱ्याला खेटून कुजबुजायचा. जॅग्वार म्हणजे बिबट्यासारखाच ठिपक्यांचा, पण त्याहून थोराड. या प्राण्यांनाही आपल्यासारखंच काही सांगता येत नाही, असं त्या मुलाला वाटे. कधी आवाज सापडलाच, तर तो तुमच्यासाठी वापरीन, असं वचन त्याने दिलं.

प्राण्याच्या मायेने मुलगा बरा झाला, असा अर्थ यातून काढणं सोपं आहे. पण तसं झालं नाही. अडखळणं आवरायचं तंत्र तो कॉलेजच्या वयात एका उपचारकेंद्रात, मेहनतीने शिकला. सफाईने बोलू लागल्यावरही आपण आतून तोतरेच आहोत, असं तो मानायचा.

पुढे तो प्राणिशास्त्रज्ञ झाला. फारसं बोलावं लागू नये असंच ते काम. १९८०च्या दशकात बेलिझमधल्या कॉक्सकोंबच्या जंगलात जॅग्वार पकडून, त्यांना रेडिओ कॉलर लावून तो त्यांच्या मागावर राहिला. तिथे शिकार चालू होती, जंगल तुटत होतं. ते वाचवायचं तर पंतप्रधान आणि मंत्र्यांसमोर उभं राहून बोलणं भाग होतं. तो बोलला. १९८४ साली कॉक्सकोंबला संरक्षण मिळालं. ते जगातलं जॅग्वारसाठीचं पहिलं राखीव क्षेत्र.

मला वाटतं, कबुतरांपुढे माझी जीभ सुटायची, कारण कबुतरांना माझ्या शब्दाची गरज नव्हती. शब्दावर काही अवलंबून नसलं की तो सहज येतो. पिंजऱ्यातल्या जॅग्वारने त्या मुलाला हा दिलासा दिला. जंगलातल्या जॅग्वारांनी मात्र तो काढून घेतला, कारण तिथे त्यांचं जगणं त्याच्या बोलण्यावर येऊन ठेपलं होतं.

आम्ही तोतरे लोक शब्द बदलण्यात पटाईत असतो. 'प्रॉडक्शन' आडवं आलं की मी 'लाइव्ह' म्हणतो. रोजच्या स्टँडअपमध्ये दोन वाक्यांत सुटका करून घेतो. गेल्या वर्षी एका कॉलवर आमच्या टीममधल्या नव्या मुलीवर भलताच ठपका येत होता. चॅटवर लिहिता आलं असतं, पण तोवर विषय पुढे गेला असता. मी माइक चालू केला आणि पहिल्याच 'प'वर अडकलो. कॉलवरचे सगळे गप्प. मग वाक्य पूर्ण झालं आणि ठपका मागे घेतला गेला.

राबिनोविट्झ २०१८ साली गेला. कॉक्सकोंबमध्ये जॅग्वार अजून आहेत.